एकशे तेरावा पक्षी

७ मार्च, शुक्रवार

पखुर्डी पाहिली. आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

चामटोलीच्या पुढे टेकडीला लागून खडीची खाण आहे. चार-पाच वर्षं बंद. खालच्या खड्ड्यात पाणी साचून राहिलंय. शुक्रवारी उल्हासनगरचा बाजार बंद, त्यामुळे मी काम करते त्या फोटो स्टुडिओला सुट्टी, म्हणून वेड्या राघूंचे फोटो काढायला गेले होते. आठ चाळीसला दोन पक्षी सुसाट आले आणि पाण्यापासून लांब, उघड्या मुरमावर उतरले. आधी वाटलं कबुतरं. मग शेपटीची सुई दिसली, नराच्या छातीवरची काळी रेघ दिसली. आखूड पायांनी, पोट जमिनीला घासत असल्यासारखे सरकत पाण्यापर्यंत आले, पाच-सात घोट घेतले. कॅमेरा बॅगेत होता. मी चेन उघडली, त्या आवाजालाच उडाले.

पखुर्डी कोरड्या मुलखातली. राजस्थान, कच्छ, फार तर आपल्याकडे सोलापूर-नगरचे माळ. अंबरनाथ-बदलापूरकडे तिची एकही नोंद नाही. म्हणजे मान्य झालेली नाही.

दुपारी आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी सुजितचं उत्तर: "धन्यवाद भावनाताई. फोटोशिवाय नोंद घेता येणार नाही." सुजित बदलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि आमच्या भागातल्या पक्ष्यांच्या नोंदी तोच ठेवतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला 'ए भावना' म्हणायचा. त्याच्या खाली दोघांनी हसणारे चेहरे टाकले आणि एकाने लिहिलं, "ताई, या वेळी फाइल नीट चेक करून टाका हां."

दोन वर्षांपूर्वी माझ्या फाइलींची गडबड झाली होती. लोक विसरत नाहीत. नका विसरू. फोटो काढून दाखवते.

१२ मार्च, बुधवार

पाच दिवस रोज सकाळी गेले. अंबरनाथहून स्कूटरने पाऊण तास, पक्षी साडेआठ-नऊच्या दरम्यान येतात, अकराला स्टुडिओ उघडायचा. जमतं, धावतपळत जमतं.

पाचपैकी चार दिवस आले आणि चारही दिवस मी दिसले म्हणून पाणी न पिता परत गेले. आज वरच्यावर दोन घिरट्या मारल्या, 'कुट-रो, कुट-रो' करत टेकडीपलीकडे. मी खडकाला चिकटून बसले होते, श्वाससुद्धा जपून घेत होते. तरी मी त्यांना दिसले.

तहानलेले पाठवते आहे मी त्यांना. हे बरोबर नाही. पण आता थांबले तर पुन्हा तेच, भावनाताईची फाइल.

१४ मार्च, शुक्रवार

खाली चाळीत धुळवडीच्या रंगाची पिंपं भरत होते, त्याच्या आत निघाले. दोन गोणपाटं शिवून आडोसा केलाय, पुढे लेन्सपुरतं भोक. आत उकडतं आणि कांद्याचा वास येतो.

नऊ वाजता मागून आवाज. "कोन हाय गं तितं? गोनीत घुसून काय करतंस?"

वेणूबाई. चामटोलीची, सत्तरीची असेल, सात शेळ्या. मी सांगितलं पक्ष्यांचे फोटो. तिला वाटलं मी सर्वेवाली, जागा मोजायला आलेय. कॅमेऱ्यातला वेड्या राघूचा फोटो दाखवला तेव्हा जरा शांत झाली.

"आनि ती मातीच्या रंगाची? ती पन पायजेत?"

"तुम्ही पाहिलीत ती?"

"रोज बघतंय. वरच्या माळावर बसतात. मानूस बघितला का जातात. शेळीला नाय भेत."

मी म्हटलं, मावशी, उद्यापासून मी तुमच्या शेळ्या खाली येतील तेव्हाच आत बसते. ती म्हणाली, "माझ्या शेळ्या माझ्या टायमाला येतात. तुला यायचं तर ये."

तिचा टाइम सव्वासात.

२१ मार्च, शुक्रवार

मिळाला.

सव्वासातला शेळ्यांबरोबर आत शिरले. वेणूबाई वर बाभळीखाली बसली. शेळ्या पाण्याच्या काठाने फिरत होत्या. आठ बावन्नला जोडी उतरली, बराच वेळ मुरमावर दगडासारखी बसून राहिली. मादी आली, प्याली. नर मात्र प्यायल्यावर पाण्यात उतरला. पोटापर्यंत. आणि तिथेच बसून अंग डावी-उजवीकडे घुसळायला लागला, आपण कपडा पाण्यात खळबळतो तसं. एक मिनिट, दीड मिनिट. मान उंच, डोळे आडोशावर, आणि पोट पाण्यात हलतंय. कोपर दगडात रुतवलं. पंच्याऐंशी फ्रेम.

हे मी वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. नराच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. तो ते पाणी घेऊन पिल्लांकडे उडतो आणि पिल्लं त्याच्या पोटाला चोची लावून पितात. म्हणजे वरच्या माळावर पिल्लं आहेत. नुसती आलेली जोडी नाही, इथे राहून वाढवणारी.

वेणूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "बापय पानी भरतो व्हय?" आणि खूप वेळ हसत बसली.

घरी आल्या आल्या सर्वांत चांगली फ्रेम निवडली. पक्षी चौकटभर, डोळ्यात उन्हाचा ठिपका, मागे सगळं गुळगुळीत तपकिरी. ग्रुपवर नाही टाकली. फक्त सुजितला पाठवली.

२३ मार्च, रविवार

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी स्टुडिओत एका कुटुंबाच्या फोटोत त्यांचे वारलेले वडील बसवत होते. बाहेर रस्त्यावर जाऊन बोलले.

"फोटो सुंदर आहे, ताई," सुजित म्हणाला. "तीच अडचण आहे. मागचाही सुंदर होता."

"फाइलमध्ये तारीख आहे. जागेचे आकडे आहेत. मूळ फाइल पाठवते."

"ते बदलता येतं. तुमच्या हातचं काम आहे ते."

फर्निचरवाल्याचा टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"मग मी काय करू?"

"मला नका विचारू. मी एकदा तुमच्यासाठी उभा राहिलो होतो." आणि फोन ठेवला.

हा राग दोन वर्षांपूर्वीच्या यादीचा. सोनिवलीच्या बाजूला एक मोकळा माळ होता. तिथे इमारती येणार होत्या, त्याची सुनावणी होती. सुजितने आम्हा सगळ्यांकडून नोंदी घेऊन यादी केली, त्या माळावर दिसणाऱ्या पक्ष्यांची. एकशे बारा झाले होते. एकशे तेरावा माझा: पखुर्डी, फोटोसकट. तोच फोटो त्याने मुखपृष्ठावर घेतला. सुनावणीत समोरच्यांनी एक जाणकार आणला होता. त्याने फोटोतलं झुडूप दाखवलं आणि म्हणाला, हे झुडूप जैसलमेरला उगवतं, बदलापूरला नाही. त्यानंतर बाकी एकशे बारा कुणी वाचलेच नाहीत. आता तिथे सात-सात मजल्यांचे टॉवर आहेत.

मी तेव्हाच सांगितलं होतं की जैसलमेरच्या लग्नाच्या कामातली फाइल चुकून मिसळली. चूक कुणाकडूनही होते.

२८ मार्च, शुक्रवार

गुळगुळीत पार्श्वभूमी हीच चूक. आज रुंद लेन्स लावली. पक्षी लहान आला तरी चालेल, पण चौकटीत क्रशरचा गंजलेला खांब हवा, टेकडीची धार हवी, वरची विजेची तार हवी. हे सगळं जैसलमेरला नाही. त्यासाठी आडोसा पाण्यापासून बारा पावलांवर आणावा लागला. तीन तास न हलता बसले. पायाला मुंग्या आल्या, त्याही गेल्या.

मिळाला. नर पाण्यात, मागे खांब, टेकडी, तार, आणि कोपऱ्यात वेणूबाईची एक शेळी.

दुसरी गोष्ट चांगली नाही. पाणी उतरतंय. मागच्या शुक्रवारी कडेला दगड ठेवला होता, त्यापासून पाणी दोन हात मागे गेलंय. याच वेगाने एप्रिलच्या मध्याला खड्डा कोरडा. आजूबाजूला दुसरं उघडं पाणी मला माहीत नाही. पिल्लांना उडता यायला अजून महिना तरी.

१ एप्रिल, मंगळवार

आजपासून वीस लिटरचे दोन कॅन, एक पुढे पायाशी, एक मागे बांधलेला. खाणीत उतरायची वाट वाईट आहे, एकेक करून न्यावे लागतात. चाळीस लिटर ओतल्यावर खड्ड्याला काहीच कळत नाही.

आबांनी दारातच विचारलं, "एवढं पाणी कुठे घेऊन चाललीस?" म्हटलं, पक्ष्यांना. आबा कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते, प्रश्न कमी विचारतात. म्हणाले, "मागचा कॅन नीट बांध. तोल जाईल." आणि स्वतःच दोरीला गाठ मारून दिली.

एक गोष्ट टोचते. मी बघणारी होते. आता मी पाणी भरणारी झाले. हा पाणवठा खरा म्हणायचा की मी तयार केलेला? उद्या कुणी विचारलं तर काय सांगू? कुणी विचारणार नाही. कुणाला कळणारच नाही.

हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं.

५ एप्रिल, शनिवार

पाठ दुखते. आले, प्याले, नराने पोट भिजवलं, गेले.

९ एप्रिल, बुधवार

पाणी माझ्या हिशोबाइतकं उतरत नाही. खाली कुठेतरी झरा असावा. आज पोचले तेव्हा कडेचा मुरूम ओला होता आणि वेणूबाई वरून उतरत होती, पदर भिजलेला, डोक्यावर चुंबळ. म्हटलं, मावशी, एवढ्या सकाळी? "शेळ्यांचं काय काय असतंय," म्हणाली. या वयात तिला एवढं चढउतार झेपतं याचं नवल वाटलं.

स्टुडिओत मालकांना, हरेशसेठना, रुंद फोटो दाखवला. खुशीत होते. मग चष्मा वर करून म्हणाले, "बेटी, इसमें प्रूफ क्या है? पंछी एक फोटो से उठाओ, पहाड़ दूसरे से, बकरी तीसरे से. दस मिनट का काम. तू तो पाँच में कर दे."

ते गंमत करत होते. पण खरं तेच आहे. मी कितीही फोटो काढले तरी ते माझेच फोटो असणार.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी पांढरी साडी नेसून विहारात गेले, म्हणून खाणीवर जायला उशीर झाला. कॅन ओतले, पक्षी पाहिले नाहीत.

दुपारी आबांचे कारखान्यातले जुने सोबती आले. चहा झाला. आबा उठले आणि त्यांना भिंतीवरच्या फ्रेमसमोर घेऊन गेले. दोन वर्षांपूर्वी मीच प्रिंट काढून, फ्रेम करून दिली होती. खाली सोनेरी अक्षरांत: 'पखुर्डी, बदलापूर.'

"आमच्या भावनाने काढला," आबा म्हणाले. "कुणी म्हणतात इथला नाही. पण माझी मुलगी खोटं बोलत नाही. फाइल का काय ते मिक्स झालं."

"बरोबर आहे. आपली पोरगी आहे," पाहुणे म्हणाले.

मी कपबशा उचलून आत गेले.

गडबड नव्हती. इथे तरी लिहिते. फाइल मिसळली नव्हती. हरेशसेठच्या भाचीच्या लग्नाला जैसलमेरला गेले होते, पहाटे हॉटेलमागच्या वाळूत तो फोटो मिळाला. परत आले तर ग्रुपमध्ये यादी चालू होती. प्रत्येक जण काही ना काही देत होता, माझं नाव फक्त मैना आणि बुलबुलांपुढे होतं. सुजित म्हणाला होता, "एखादा दुर्मीळ मिळाला तर माळ वाचेल." मी स्टुडिओत बसून तारीख बदलली, जागा बदलली. वाळूचा रंग थोडा लाल केला, आपल्या मुरमासारखा. झुडूप मात्र ठेवलं. ते मला ओळखू आलं नाही.

त्याला मदत करायची होती असं मी स्वतःला सांगत आले. मला त्या मुखपृष्ठावर यायचं होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी निघण्याआधी आबांना सांगितलं. चहा पीत होते. सगळं सांगितलं, वाळूच्या रंगासकट. त्यांनी कप खाली ठेवला. फ्रेमसमोर जाऊन उभे राहिले.

मी म्हटलं, काढून टाकते.

"कशाला? फोटो तूच काढलायस ना?"

"हो."

"मग राहू दे. खाली गावाचं नाव खरं लिही." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "काल मी चार माणसांना सांगितलं. त्यांना आता फोन करावा लागेल."

त्यांनी केले. चारही. मी दारात स्कूटरची चावी हातात धरून उभी होते आणि ते एकेकाला सांगत होते, "जयभीम. काल मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं."

१७ एप्रिल, गुरुवार

सुजितला फोन केला. फोटो पाठवत नाही, म्हटलं. तुम्ही स्वतः या. डोळ्यांनी बघा.

"पेपर तपासायचे आहेत, ताई."

"मी रोज साडेसहाला चामटोलीच्या फाट्यावर पंधरा मिनिटं थांबेन. आलात तर बरोबर जाऊ. नाही आलात तर मी जाईन."

"रोज?"

"पाणी आहे तोपर्यंत रोज."

"बघतो," म्हणाला. सुजितचं 'बघतो' म्हणजे नाही, हे मला माहीत आहे.

२० एप्रिल, रविवार

तीन दिवस फाट्यावर थांबले. कुणी नाही. समोरच्या टपरीवर नेहमीची दूधवाली माणसं, आणि एक जण मोटरसायकल लावून पाठमोरा चहा पीत बसलेला, मांडीवर हिरवं हेल्मेट.

आज नर एकटाच आला होता. मादी नाही. बारा मिनिटांनी ती आली तेव्हा मी तोंडावर हात दाबून धरला होता.

२३ एप्रिल, बुधवार

सहावा दिवस. नाही आला. त्याचा काय दोष? दोन वर्षं तो वर्गातल्या मुलांना ते टॉवर दाखवत असेल.

हिरव्या हेल्मेटवाला आजही होता. आज त्याच्या गळ्यात दुर्बिणीसारखं काहीतरी दिसलं. लांबून नीट कळलं नाही. हल्ली मला सगळीकडे दुर्बिणी दिसतात.

२५ एप्रिल, शुक्रवार

सुजित आला.

साडेसहाला फाट्यावर मोटरसायकल येऊन थांबली. हिरवं हेल्मेट काढलं तर तो. मी बघतच राहिले. "चला," म्हणाला, "किती वाजता येतात?" माझ्या पायाशी आणि मागे बांधलेले कॅन त्याने पाहिले, काही विचारलं नाही. मी ते फाट्यावरच्या टपरीत ठेवून दिले. का ठेवले ते मला नीट माहीत होतं.

वेणूबाईच्या शेळ्यांबरोबर आत शिरलो. एका आडोशात दोघं, मधे हातभर जागा सोडून. कॅमेरा मी आणला होता पण बॅगेतून काढला नाही. त्याने दुर्बीण लावली. आठ वाजले. साडेआठ. नऊ. नऊ दहाला आवाज आला, 'कुट-रो', आणि सुजितचा खांदा एकदम ताठ झाला.

जोडी मुरमावर उतरली. बसून राहिली. शेळ्या चरत होत्या. मादी प्याली. नर प्याला, पाण्यात गेला आणि अंग घुसळायला लागला. सुजित दुर्बीण डोळ्यांवरून काढेना. त्याचे ओठ हलत होते, तो सेकंद मोजत होता. नर उठला, थेंब गाळत टेकडीवरून पलीकडे गेला.

"पिल्लं आहेत," तो कुजबुजला. "अगं, वर पिल्लं आहेत!"

आडोशातून बाहेर आलो. त्याने खिशातून वही काढली. वेळ लिहिली, वारा लिहिला. पेन हातात धरून म्हणाला, "पाणवठा नैसर्गिक?"

तो नेहमीचाच प्रश्न आहे, प्रत्येक नोंदीत असतो. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. खाणीत साचलेलं पावसाचंच पाणी ते.

"नाही," मी म्हटलं. "एक तारखेपासून मी रोज चाळीस लिटर आणून ओततेय. नाहीतर आत्तापर्यंत आटलं असतं. ते कॅन त्यासाठीच होते. तुम्ही विचाराल म्हणून टपरीत ठेवले." मग थांबताच येईना. "आणि जैसलमेरची फाइल मिसळली नव्हती. मी बदलली होती. तारीख, जागा, वाळूचा रंग. चूक नव्हती ती, सुजित. मी मुद्दाम केलं."

त्याने वहीतून वर पाहिलं नाही.

"माहीत आहे," म्हणाला. "दहा वर्षं ओळखतो तुला. तुझ्या फाइली मिसळत नाहीत."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"मी काय बोलणार? बोलायचं तुला होतं." त्याचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "एकशे बारा, भावना! मी पाच वर्षं पायी फिरलो होतो त्या माळावर. लोक माझ्या तोंडावर हसले. मला तू सांगितलं असतंस ना, दुसऱ्या दिवशी जरी, मी उभा राहून सांगितलं असतं की एक खोटा आहे, बाकीचे खरे आहेत. तेवढीही संधी दिली नाहीस."

मी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली.

एवढ्यात वेणूबाई काठी टेकत खाली आली. तिने सगळं ऐकलं असावं. "तिला एकलीला काय बोलतंस? पानी काय तिनं एकलीनं घातलंय? मी पन चार हंडे घालतंय रोज. पोर कंबर मोडून घेतेय, बघवंना."

मी तिच्या ओल्या पदराकडे बघत राहिले. झरा!

सुजितला हसू आवरेना. पाठ वळवून उभा राहिला, पण खांदे हलत होते. मग त्याने वहीत लिहिलं आणि मला दाखवलं: 'पखुर्डी, जोडी. नर पोट भिजवताना. पाणवठा माणसांनी टिकवलेला.' वेणूबाईला विचारलं, "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा. पाहणाऱ्यांत लिहायचंय."

"सगळं?" ती म्हणाली, आणि पदर सारखा करून नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नावासकट सांगितलं.

जाताना सुजित म्हणाला, "नोंद घेतो. पण माझं-तुझं मिटलं असं नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

२६ एप्रिल, शनिवार

ग्रुपवर लिहिलं. त्याने सांगितलं नव्हतं. स्टुडिओ उघडण्याआधी, शटर अर्धं वर असताना. काय केलं, कसं केलं, का केलं. 'गडबड' हा शब्द कुठे येऊ दिला नाही.

दिवसभर फोन उलटा ठेवला. संध्याकाळी पाहिलं. बारा जण ग्रुप सोडून गेले होते. एकाने लिहिलं की अशा माणसांमुळेच माळ जातात. बरोबर आहे. एकाने लिहिलं, "सांगितलंत हे बरं केलंत." सुजितने काहीच लिहिलं नाही. फक्त मला ग्रुपमधून काढलं नाही.

हरेशसेठनी वाचलं नव्हतं, मीच दाखवलं. म्हणाले, "मेरे कंप्यूटर पर किया था?" हो म्हटलं. "आगे से मत करना," म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने चहा मागवला. दोन.

३ मे, शनिवार

पाणी तसंच. आता चौघं भरतो. आबा कालपासून रिक्षाने येतात, हातात पाच लिटरचा एक कॅन. सुजित मोटरसायकलवर दोन आणतो, ओततो, फारसं बोलत नाही, निघून जातो. वेणूबाई आम्हा तिघांनाही वाट कशी उतरायची ते शिकवते.

मी फोटो काढत नाही असं नाही. रोज काढते. जे दिसतं ते, जसं दिसतं तसं.

१६ मे, शुक्रवार

आज चार उतरले.

आधी जोडी. मग मागून दोन, जरा लहान, उडताना पंख जास्त फडफडवणारी. मुरमावर आदळल्यासारखी बसली. एक पिल्लू आईच्या मागे सरकत पाण्यापर्यंत आलं, थांबलं, चोच बुडवली आणि दचकून मागे झालं. पुन्हा बुडवली. प्यालं. नर काठावर उभा होता, कोरडा. पाण्यात उतरला नाही. त्याची गरज संपली होती.

माझ्याकडून फोटो हलला. चौघांचीही कड अस्पष्ट आली आहे. तरी ठेवणार आहे.

सुजित आडोशात शेजारी होता, हातभर जागा आजही मधे होती. आबा आणि वेणूबाई बाभळीखाली. पक्षी गेल्यावर तो म्हणाला, "जुनी यादी रद्द करायची. त्यातलं आता कुणी काही मानत नाही. नवीन करायची. या टेकडीची. इथेही कधीतरी कुणी मोजायला येईलच."

"एकशे बारा पुन्हा पाहायचे?"

"पहिल्यापासून. प्रत्येक नोंदीला दोन माणसं. फोटो असो नसो." वही माझ्यापुढे केली. "लिहायला तू. तुझं अक्षर बरं आहे."

मी विचारलं, आजपासून? तर म्हणाला, "आज पखुर्डीच आधी बघितलीस, ती पहिली लिहावीशी वाटेल तुला. उद्या सकाळी ये. जो पहिला दिसेल तो."

१७ मे, शनिवार

दुकान उघडायचं असल्यासारखी सहाला पोचले. सुजित आधीच आला होता. उजाडत होतं. आम्ही दोघं वाटेच्या तोंडाशी उभे राहिलो. टेकडीवर काही हललं नाही. मी मनात म्हटलं निदान भारद्वाज, निदान नीलकंठ.

क्रशरच्या खांबावर एक काळा ठिपका येऊन बसला आणि ओरडला.

सुजितने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.

"दोघांनी पाहिला," तो म्हणाला. "लिही."

मी वही उघडली आणि लिहिलं: एक. कावळा. सहा वाजून चौदा मिनिटं.